डोकेदुखीची हिस्ट्री कशी घ्यावी: ओपीडीत नव्याने बसणाऱ्या डॉक्टरांसाठी

डोकेदुखीचा पेशंट समोर येऊन बसला की नव्या डॉक्टरचा हात आधी स्कॅनच्या फॉर्मकडे जातो. साहजिक आहे, मेंदूतली गाठ नजरेतून सुटली तर काय, ही भीती प्रत्येकाच्या पोटात असते. पण अर्धशिशी म्हणजे मायग्रेन, टेन्शन टाइप डोकेदुखी (डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी), क्लस्टर डोकेदुखी (एका डोळ्यामागे उठणारी जबरदस्त कळ) यांतली एकही स्कॅनवर दिसत नाही आणि रक्ताच्या कुठल्याही तपासणीत सापडत नाही. ती पेशंटच्या बोलण्यात सापडते. ज्या थोड्या लोकांना खरोखरच स्कॅन लागतो, तेही बहुतेक वेळा बोलण्यातूनच ओळखू येतात.

माझ्यासोबत बसणाऱ्या इंटर्न मुलामुलींना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. कुठे दुखतं आणि किती दुखतं, यापेक्षा कधी सुरू झालं, किती वेळात वाढलं, किती वेळ टिकलं आणि परत कधी आलं, याला जास्त किंमत आहे. पुढचं सगळं याच एका धाग्यावर आहे.

आधी ऐकून घ्या

पहिला प्रश्न मोकळा ठेवा. "तुमच्या डोकेदुखीबद्दल सांगा," एवढंच म्हणा आणि गप्प बसा. दोन मिनिटं पुरतात. त्या दोन मिनिटांत पेशंट स्वतःहून जे आधी सांगतो, तेच बहुधा त्याला सगळ्यात जास्त खुपत असतं. "ठणकतं का? एकाच बाजूला का?" असं तुम्हीच सुरू केलंत, तर तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा हो-हो म्हणत जातो आणि तुमच्या मनातलं निदान तुम्हालाच परत करतो.

पेशंटचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्या: ठणकतं, ठसठसतं, आवळल्यासारखं होतं, जड वाटतं, भणभणतं, सणक जाते, टोचतं, डोकं धरतं. पण नुसत्या विशेषणावर विसंबू नका. "डोकं फुटायची वेळ येते" हे वाक्य मेंदूत रक्तस्राव झालेला माणूस म्हणतो आणि रात्रीची झोप न झालेलाही म्हणतो. "चक्कर येते" म्हटल्यावर खोली फिरते का, तोल जातो का, की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे विचारायलाच हवं.

एक शब्द तर मी कधीच तसाच पुढे जाऊ देत नाही, तो म्हणजे "पित्त". "मला पित्ताचा त्रास आहे, पित्त चढलं की डोकं दुखतं, उलटी होऊन गेली की बरं वाटतं." हे ऐकून पोटाच्या गोळ्या लिहून दिलेल्या कितीतरी फाइली मी पाहिल्या आहेत. डोकेदुखीबरोबर मळमळ, उलटी झाल्यावर उतार, मध्ये काही दिवस अगदी ठणठणीत आणि मग पुन्हा तेच: ही मायग्रेनची गोष्ट आहे. पेशंटचा शब्द खोडू नका, त्याच्या मागे काय घडतं ते उलगडून घ्या. "सायनस"चंही तसंच. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गालाच्या हाडापाशी दुखतं. ताप नाही, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव नाही आणि त्रास दर महिन्याला परत येतो, तर सायनसचं लेबल जरा बाजूला ठेवा.

डोकेदुखी एक आहे की दोन?

हा प्रश्न फार जण विसरतात. "तुमची डोकेदुखी दर वेळी सारखीच असते, की वेगवेगळ्या तऱ्हेची?" एकाच माणसाला रोजची मंद, डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी दुखी असू शकते आणि महिन्यातून तीनदा झोपवून टाकणारी दुसरीही. दोन्ही एकाच हिस्ट्रीत मिसळल्या की जी खिचडी होते, ती कुठल्याच निदानात बसत नाही. कागदावर दोन रकाने करा आणि दोन्हींची हिस्ट्री वेगळी घ्या.

आणि जुनं दुखणं असेल तर लगेच विचारा, "मग आजच यायचं का ठरवलं?" वीस वर्षांची डोकेदुखी घेऊन आलेला माणूस "गेल्या पंधरा दिवसांपासून ही वेगळीच आहे" असं म्हणाला, तर त्याची हिस्ट्री पंधरा दिवसांची समजा.

काळाची रेघ

कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारा. डाव्या टोकाला आयुष्यातली पहिली डोकेदुखी, उजव्या टोकाला आजचा दिवस. या रेघेवर चार आकार दिसू शकतात. एकदाच, अचानक उठलेली दुखी. येते-जाते, पण मध्ये माणूस पूर्ण बरा असतो. रोज आहे आणि वर्षानुवर्षं तशीच आहे. चौथी, काही दिवस किंवा आठवडे हळूहळू चढतच चाललेली. पहिली आणि चौथी दिसली की सावध व्हा. मधल्या दोन बहुतेक वेळा प्रायमरी डोकेदुखीच्या, म्हणजे जिथे डोकेदुखी हाच आजार आहे आणि मागे दुसरं काही दडलेलं नाही.

अचानक म्हणजे किती अचानक, हे खोदून विचारा. "एकदम सुरू झाली" असं अर्धे पेशंट म्हणतात. तेव्हा मी विचारते, "त्या क्षणी तुम्ही काय करत होतात? ते काम पुढे चालू ठेवता आलं का?" जिना चढताना तिसऱ्या पायरीवर, बूट घालायला वाकलेलं असताना, वाक्य अर्ध्यावर असताना, असं नेमकं उत्तर आलं आणि मिनिटभरात दुखणं कळसाला पोचलं असेल, तर ती थंडरक्लॅप डोकेदुखी. ती सबअरॅक्नॉइड रक्तस्राव, म्हणजे मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव, नाही हे सिद्ध होईपर्यंत तोच आहे असं धरून चालायचं. "आता बरं वाटतंय" म्हटलं तरी घरी सोडायचं नाही. सुरुवातीची नेमकी वेळ लिहून ठेवणं इथे निर्णायक ठरतं: पहिल्या ६ तासांत चांगल्या मशीनवर काढलेला आणि जाणकाराने वाचलेला सीटी स्कॅन जवळजवळ सगळे रक्तस्राव पकडतो. त्यानंतर त्याची पकड सैल होत जाते, मग नॉर्मल स्कॅनवर थांबता येत नाही आणि पाठीतून पाणी काढून बघण्याचा विचार करावा लागतो.

आता टिकण्याचा काळ. उपचार न घेतल्यास मायग्रेनचा अटॅक ४ ते ७२ तास चालतो. टेन्शन टाइप ३० मिनिटांपासून ७ दिवसांपर्यंत. क्लस्टरचा अटॅक १५ मिनिटं ते ३ तास, आणि तो दिवसाआड एकापासून दिवसाला ८ पर्यंत येऊ शकतो. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याची, सणक सेकंदांची, फार तर २ मिनिटांची; चेहऱ्याला हात लावला, दात घासले, गार वारा लागला की निघते. हे आकडे इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या वर्गीकरणातले आहेत आणि ते पाठच हवेत, कारण एकाच बाजूच्या डोळ्यामागची कळ या बहुतेक सगळ्यांत असू शकते आणि वेगळेपण वेळेत दिसतं. मात्र वेळ विचारताना "गोळी घेतली नाहीत तर किती वेळ?" असंच विचारा. गोळीने दोन तासांत थांबलेला मायग्रेनही मायग्रेनच असतो.

मग वारंवारता. "महिन्यातून किती वेळा दुखतं?" याचं उत्तर जवळजवळ नेहमी कमी येतं, कारण लोक फक्त आडवे पाडणारे दिवस मोजतात. म्हणून प्रश्न उलटा करा: "महिन्यातले किती दिवस डोकं अजिबात दुखत नाही, अगदी हलकं असतं?" "चार वेळा" म्हणणारी बाई या प्रश्नावर थांबते, बोटांवर मोजते आणि म्हणते, "तसे पाच-सहा दिवस असतील." म्हणजे चोवीस दिवस डोकं दुखतंच आहे. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून अधिक चाललं, तर ती क्रॉनिक डोकेदुखी, आणि तिच्या उपचारांची आखणीच वेगळी असते.

मागचा अटॅक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

"साधारण कसं होतं?" असं विचारलं की उत्तरंही साधारण येतात. त्याऐवजी शेवटचा अटॅक धरा. कुठला वार होता, सकाळी उठलात तेव्हा कसं होतं, पहिली चाहूल कधी लागली, मग काय केलंत, कधी थांबलं, दुसरा दिवस कसा गेला. मायग्रेनच्या आदल्या दिवशी जांभया येणं, मान अवघडणं, चिडचिड होणं, काहीतरी खावंसं वाटत राहणं हे पेशंटला माहीत असतं, पण डोकेदुखीशी त्याचा संबंध त्याने जोडलेला नसतो.

ऑरा म्हणजे बहुधा दुखण्याच्या थोडंच आधी येणारी नजरेची किंवा संवेदनेची तात्पुरती लक्षणं. चमकत्या नागमोडी रेषा, हळूहळू मोठा होत जाणारा आंधळा ठिपका, बोटांतून हाताकडे आणि तिथून ओठाकडे सरकणाऱ्या मुंग्या. यातलं प्रत्येक लक्षण साधारण ५ ते ६० मिनिटं टिकतं आणि हळूहळू पसरतं. पेशंटच्या हातात पेन देऊन "काय दिसतं ते काढून दाखवा" म्हणा. किल्ल्याच्या तटबंदीसारखी दातेरी रेघ कागदावर उमटली की पुढचे दहा प्रश्न वाचतात. याउलट, एका झटक्यात पूर्ण ताकदीने आलेली बधिरता, हातातली शक्ती जाणं, दिसेनासं होणं हे पक्षाघाताच्या बाजूचं लक्षण. ऑराचा प्रश्न तरुण बायकांमध्ये वगळूच नका: ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि सिगारेट ओढत असेल तर आणखी.

दुखत असताना माणूस काय करतो, हे तो दुखण्याचं जे वर्णन करतो त्याहून जास्त विश्वासाचं. मायग्रेनचा पेशंट दिवा घालवून, पांघरूण ओढून, "कुणी बोलू नका" म्हणत पडून राहतो. जिना चढला, वाकला तरी त्याचं दुखणं वाढतं. टेन्शन टाइपचा माणूस कण्हत का होईना, काम करत राहतो. क्लस्टरच्या पेशंटला एका जागी बसवतच नाही.

एक गृहस्थ आठवतात. रोज रात्री एकच्या सुमाराला डोळ्यामागच्या कळेने उठायचे. मायग्रेनच्या गोळ्या वर्षभर घेऊन झाल्या होत्या. प्रकाश सहन होतो का, मळमळतं का, हे सगळं मी विचारलं आणि त्यांनी "थोडंफार" म्हणून उत्तरं दिली. शेजारी बसलेल्या पत्नीला मी विचारलं, "तेव्हा हे काय करत असतात?" त्या म्हणाल्या, "येरझाऱ्या घालतात. कपाळ भिंतीवर दाबून धरतात. आणि रडतात, पण फक्त उजव्या डोळ्यातून पाणी येतं." ते घाईघाईने म्हणाले, "रडत नाही हो मी!" खरंच रडत नव्हते. दुखऱ्या बाजूचा डोळा लाल होऊन वाहणं, तीच नाकपुडी चोंदणं, पापणी थोडी खाली येणं आणि तासभराने सगळं थांबणं, ही क्लस्टरची सही आहे. घरच्या माणसाला विचारायची सवय मला त्या दिवशी लागली.

मायग्रेनसाठी ओपीडीच्या गर्दीत तीन प्रश्न फार कामाचे: दुखताना मळमळतं का, उजेड खुपतो का, आणि गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एखादा दिवस तरी काम बुडालं का? दोनांना हो असेल तर मायग्रेनची शक्यता भक्कम. निदान पक्कं करायला पूर्ण निकष लागतात. त्यांत असे किमान ५ (ऑरा असेल तर २) अटॅक होऊन गेलेले असावे लागतात. म्हणून आयुष्यातल्या पहिल्याच जबरदस्त डोकेदुखीला मायग्रेन म्हणायची घाई करायची नाही.

धोक्याचे प्रश्न

हे प्रत्येकाला विचारायचे, कितीही गर्दी असली तरी. माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली एक चूक अजून मनात सलते. साठी उलटलेले एक काका कानशिलात दुखतं म्हणून आले. दाढ दुखत असल्याने दाताच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले होते. मी रक्तदाब पाहिला, वेदनाशामक दिली, आठवड्याने बोलावलं. ते पाचव्या दिवशी आले, तोवर डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. दुखणं दाढेत नव्हतंच. चावताना जबडा भरून यायचा, थांबलं की बरं वाटायचं. केस विंचरतानाही टाळू दुखायची. हे सगळं त्यांना माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं. तो जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे कानशिलातल्या आणि डोळ्याकडे जाणाऱ्या धमन्यांना येणारी सूज, होता. त्यात गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. स्टिरॉइड वेळेवर सुरू झालं तर दुसरा डोळा वाचतो. तेव्हापासून पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेल्या प्रत्येक डोकेदुखीत मी विचारते: चावताना जबडा दुखतो का, टाळूला हात लावला तर दुखतं का, नजरेत काही क्षणभर जरी बदल झाला का, सकाळी खांदे आणि मांड्या आखडतात का, वजन उतरलं का. संशय असेल तर बायोप्सीची वाट न बघता उपचार सुरू करायचे.

बाकीचे प्रश्न मनात असे गुंफून ठेवा. ताप, मान ताठ, गुंगी किंवा अंगावर पुरळ असेल तर मेंदूज्वर. एचआयव्ही, कर्करोग किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील, तर साधी वाटणारी डोकेदुखीही साधी समजायची नाही. फिट आली का, बोलणं अडखळलं का, हाता-पायातली ताकद गेली का, वागणं बदललं का? डोक्याला मार लागला होता का? म्हातारपणी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना किरकोळ धक्काही पुरतो, आणि सबड्यूरल रक्तस्राव, म्हणजे कवटीच्या आत मेंदूवर हळूहळू साचणारं रक्त, आठवड्यांनी कळतो, त्यामुळे "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठे पडलात?" असं मागे जाऊन विचारा. मानेत नव्याने दुखणं आणि एका बाजूची पापणी खाली येणं, हे मानेतली रक्तवाहिनी आतून फाटल्याचं लक्षण असू शकतं. डोळा लाल, नजर धूसर, दिव्याभोवती रंगीत वलयं असतील तर काचबिंदूचा झटका. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा.

शरीराची स्थिती बदलल्याने काय होतं, हा स्वतंत्र प्रश्न आहे. उभं राहिलं की दुखतं आणि आडवं झालं की उतरतं, तर मेंदूभोवतालच्या पाण्याचा दाब कमी झालेला असतो; पाठीत सुई देऊन भूल दिली होती का ते विचारा. उलट, आडवं झाल्यावर वाढतं, पहाटे जाग आणतं, खोकताना-वाकताना उसळतं, तर दाब वाढलेला असू शकतो. वजन वाढलेल्या तरुण स्त्रीला कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येत असेल आणि वाकल्यावर नजर काही क्षण काळी पडत असेल, तर डोळ्याचा पडदा पाहिल्याशिवाय तिला सोडू नका. मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनोइन चालू आहे का, हेही तिथेच विचारा. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर आणि बाळंतपणानंतरच्या ६ आठवड्यांत नव्याने आलेली डोकेदुखी म्हणजे रक्तदाब तातडीने पाहायचा, आणि मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली नाही ना, याचा विचार करायचा.

आणि एक प्रश्न दोन सेकंदांचा: "घरात आणखी कुणाचं डोकं दुखतंय का? बाहेर गेल्यावर बरं वाटतं का?" बंद खोलीत शेगडी, गिझर किंवा जनरेटर असेल तर ती कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असू शकते, आणि ती सगळ्या घरालाच होते.

गोळ्यांचा हिशेब

"काही औषधं घेता का?" याला "नाही" असं उत्तर मिळतं, कारण दुकानातून आणलेली डोकेदुखीची गोळी लोकांच्या लेखी औषधच नसते. मी विचारते, "डोकं दुखलं की कुठली गोळी घेता? आता पर्समध्ये आहे का?" एका शिक्षिकेने पर्समधून तीन वेगवेगळ्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. "एक पट्टी किती दिवस पुरते?" या प्रश्नावर त्या स्वतःच चमकल्या. चार दिवस.

साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान आणि अर्गोटामाइन (मायग्रेनची खास औषधं), ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) आणि मिश्र गोळ्या (एकाच गोळीत अनेक औषधं) १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून अधिक चाललं, की गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. मोजायचे ते दिवस, गोळ्यांची संख्या नव्हे. हे सांगताना आवाजात दोष येऊ देऊ नका. ती व्यक्ती दुखण्याने गांजली होती म्हणूनच गोळ्या घेत होती. चहा-कॉफीही विचारा, सुट्टीच्या दिवशी उशिरा उठल्यावर दुखतं का तेही. दुसऱ्या आजारांची औषधं पाहा: छातीत दुखण्यासाठीची नायट्रेट, रक्तदाबाची निफेडिपिनसारखी गोळी. आधी दिलेल्या प्रतिबंधक औषधांबद्दल (अटॅक येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची ती) "किती डोस, किती आठवडे, का बंद केलं" विचारा. "ते लागू पडलं नाही" याचा अर्थ पुष्कळदा "दहा दिवस घेतलं, झोप यायची म्हणून सोडलं" असा निघतो.

बाकीचं

पाळीच्या आधीचे दोन आणि सुरुवातीचे तीन दिवस यांत दुखतं का, झोप किती, घोरणं आहे का, उपास किंवा जेवणाची वेळ टळल्यावर दुखतं का, हे झटपट विचारता येतं. घरातल्या डोकेदुखीबद्दल "मायग्रेन आहे का?" असं विचारू नका. "आई किंवा मावशी डोक्याला फडकं बांधून झोपायच्या का?" असं विचारलं की आठवणी निघतात.

मनाबद्दल विचारायला संकोच करू नका, फक्त जागा बरोबर निवडा. सगळं शारीरिक विचारून झाल्यावर विचारा, म्हणजे "डॉक्टरांना हे सगळं मनाचे खेळ वाटतात" असा समज होत नाही. झोप, उदासी, जगणं नकोसं वाटतं का. घरात कुणी मारतं का, हे पेशंट एकट्याने असतानाच.

लहान मुलं वेळ सांगू शकत नाहीत. मूल खेळणं सोडून झोपून घेतं का, हे आईवडिलांना विचारा आणि त्याच्याकडून डोकेदुखीचं चित्र काढून घ्या. मुलांचा मायग्रेन मोठ्यांपेक्षा कमी वेळ टिकू शकतो आणि बहुधा दोन्ही बाजूंना दुखतं.

शेवटी विचारा, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे कशामुळे असेल?" बरेच जण इथे पहिल्यांदा "गाठ" हा शब्द उच्चारतात. तो बाहेर आला नाही, तर तुमचं बरोबर निदानही त्यांच्या पचनी पडत नाही.

रक्तदाब, डोळ्याचा पडदा, मान, कानशिलाच्या धमन्या, चाल आणि थोडक्यात नसांची तपासणी करा. मग पेशंटला वही द्या: तारीख, सुरुवात, शेवट, दहापैकी किती दुखलं, कुठली गोळी, पाळी. सहा आठवड्यांनी वही घेऊन बोलवा. त्या शिक्षिका परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "काहीच फरक नाही हो." वही उघडून आम्ही दोघींनी मिळून मोजलं. पहिल्या महिन्यात २३ दिवस दुखलं होतं. गेल्या दोन आठवड्यांत ४.